बोटीचा हंगाम आणि बाईची सवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोटीच्या प्रवासावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. वर्धा कोठे आणि समुद्र कोठे! येथून मुंबई आगगाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटर. पण दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आपल्यातील आम्ही चौघीजणी मुंबईहून गोव्याला बोटीने जाऊन आलो, हे आपणांस ठाऊक आहेच. नाताळातले भाडे ऐकून आमचे डोळे पांढरे झाले होते. तसाच प्रवास रथसप्तमीनंतर जवळजवळ निम्म्या भाड्यात झाला. तो कसा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आरंभ मात्र माझ्या आईपासून करते. तिचे माहेर हर्णैजवळचे. लग्न होऊन ती आर्वीला आली. माहेरी जावयाचे तर आर्वीहून छोट्या गाडीने पुलगाव, तेथून मोठ्या गाडीने मुंबई आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. पण पावसाळा लागला की या बोटी बंद होत. एका श्रावणात आजोबा गेल्याची तार आली. बोट नाही, रस्त्याने जावे तर वाटेत नद्यांना पूर. आई पोचली ती तेराव्याला. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, ते तिने लहानपणी ऐकलेले होते. म्हणून ती बोटवाल्यांना कधी दोष देत नसे. ती म्हणे, “समुद्र नाही म्हणाला की नाही.”

आता बोटी पुन्हा आल्या आहेत, पण त्या सहलीच्या. 2018 साली ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा सुरू झाली. 2021 साली ‘एम्प्रेस’ नावाची मोठी बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. यांना क्रूझ म्हणतात. खोली, जेवण, करमणूक सर्व एकाच तिकिटात.

हे तिकीट कधी महाग आणि कधी स्वस्त, याचे मर्म आपल्या आठवडी बाजारात आहे. सकाळी वांगी ज्या भावाने मिळतात, त्याच भावाने दिवेलागणीला कोणी घेत नाही. माळीणबाई विचार करते, परत ओझे नेण्यापेक्षा चार पैसे कमी आले तरी चालतील. बोटीचेही तसेच. खोल्या भरोत की रिकाम्या राहोत, तेल तेवढेच जळते आणि खलाशांचा पगार तेवढाच द्यावा लागतो. बोट सुटली की रिकामी खोली कायमची वाया गेली. म्हणून गर्दी नसते तेव्हा भाडे उतरते. दिवाळीची सुटी, नाताळ, नववर्ष, मे महिना आणि प्रत्येक शनिवार-रविवार ही सकाळच्या बाजाराची वेळ. शाळा भरलेल्या असतानाचा सोमवार ते गुरुवार हा उतरता बाजार.

पण भगिनींनो, उतरत्या बाजारातही दोन प्रकारची भाजी असते. एक चांगली, केवळ गिऱ्हाईक नाही म्हणून स्वस्त. दुसरी सुकलेली म्हणून स्वस्त. बोटीच्या बिगरहंगामाचेही असेच दोन प्रकार आहेत. एकात समुद्र शांत असतो, पण लोकांना सवड नसते. दुसऱ्यात लोकांना सवड असली तरी समुद्रच खवळलेला असतो. पहिला आपण घ्यावा, दुसऱ्याच्या मोहात पडू नये. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्या प्रकारचा काळ. हवा आल्हाददायक, पाणी संथ. जून ते सप्टेंबर हा तेथे दुसऱ्या प्रकारचा. परदेशातही हेच आहे. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे दिवस. त्यांतही ऑगस्ट-सप्टेंबर कठीण, म्हणून भाडे उतरते. स्वस्ताई दिसली की प्रथम विचारावे, ही कोणत्या कारणाने?

आणखी एक गंमत. काठेवाडी मेंढपाळ जसे ऋतू पाहून मुक्काम हलवितात, तशा या बोटीही हलतात. युरोपातल्या कित्येक बोटी हिवाळ्यापूर्वी अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे जातात आणि उन्हाळ्यापूर्वी परततात. हा एकेरी प्रवास लांबचा, वाटेत बंदरे थोडी, म्हणून दिवसाच्या हिशेबाने पुष्कळ स्वस्त पडतो. आपल्याकडेही 2022 आणि 2023 च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ चेन्नईहून सुटत होती, कारण नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा त्या किनाऱ्यावर तेवढा नसतो. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्वेकडून अशी फेरी असेल, त्या वर्षी आपणा विदर्भवासीयांची सोय होते. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. इतरांची सुटी संपली आणि आपली शिल्लक आहे, असे ते थोडे दिवस. आपल्या सेवाग्राम स्टेशनावरून चेन्नई हजारेक किलोमीटर. शिवाय आपल्या वर्धा नदीचे पाणी प्राणहिता-गोदावरीतून त्याच पूर्व समुद्राला मिळते. नदी गेली तेथे आपण का जाऊ नये?

आता आमची फजिती सांगते. आम्ही चौघींनी खिडकी नसलेली एकच खोली घेतली. दिवसभर तेथे बसतो कोण? भाडे बहुधा एका खोलीत दोघीजणी धरून माणशी सांगतात. एकटीने खोली घेतली तर पुष्कळदा दोघींचे भरावे लागते. उलट तिसरी-चौथी त्याच खोलीत असली तर तिचे भाडे कमी पडते. येथवर आमचा हिशेब चोख होता. पण जाहिरातीतला आकडा तोच शेवटचा, असे आम्ही समजलो. बंदराचे शुल्क आणि कर निराळे निघाले. बोटीवर हौसेने घेतलेल्या सरबतांचे पैसे शेवटी कार्डावर दिसले. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे बोटीचे तिकीट काढून आम्ही रेल्वेचे विसरलो. आयत्या वेळी तत्काळमध्ये जादा पैसे मोजले. समुद्रात वाचविले ते रुळांवर सांडले! रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते. तेव्हा दोन्ही तारखा एकाच कागदावर मांडाव्यात. मुंबईला आदल्या दिवशीच पोचावे. गाडीला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही. ओळखपत्र जवळ हवेच.

भगिनींनो, येथवर पैशांचे झाले. पण परतल्यावर माझ्या मनात एक प्रश्न राहिला. भाडे स्वस्त असते ते शाळा चालू असताना. म्हणजे मुलांचा डबा, सासूबाईंचे औषध, शेतातली तूर-हरभऱ्याची काढणी, बारावीची परीक्षा हे सर्व नेमके तेव्हाच. स्वस्त दिवस आणि बाईची सवड यांची गाठच पडत नाही. आम्ही चौघी गेलो त्या साठीच्या पुढच्या, मुले मार्गी लागलेल्या. आमच्या बरोबरची पाचवी मैत्रीण, जिने सर्वांत आधी भिशीत पैसे टाकले होते, ती घरच्या आजारपणामुळे राहिली. गोव्याच्या वाटेवर पहाटे कठड्याशी उभी असताना मला आई आठवली आणि हीही आठवली. आईला समुद्राने अडविले होते. हिला समुद्राने अडविले नाही, भाड्याने अडविले नाही. चार दिवस घर पाहणारे कोणी नव्हते, एवढ्यानेच अडविले. आणि आपण एवढ्या मैत्रिणी, पण आमच्यापैकी एकीलाही, “मी मागे राहते, तू जा,” असे म्हणावयाचे सुचले नाही. याची मला आजही खंत वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. प्रवासाची भिशी आपण करूच. परंतु तिच्याबरोबर दिवसांचीही भिशी करावी. ज्या जाणार नाहीत त्यांनी जाणाऱ्यांच्या घरचे चार दिवस वाटून घ्यावेत. एकीने डबा, एकीने औषधपाणी. पुढच्या खेपेस पाळी बदलेल. पैशांची भिशी फिरते, तशी ही सवडही फिरू द्यावी. घरच्या पुरुषमंडळींनीही एक दिवस उचलला तर आम्ही नको म्हणणार नाही!

येत्या फेब्रुवारीत, रथसप्तमी झाल्यावर, पुन्हा जावयाचे घाटत आहे. ज्यांना यावयाचे आहे त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, आणि ज्यांना दिवस देणे शक्य आहे त्यांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर द्यावीत. पाचव्या मैत्रिणीचे नाव पुढच्या पानावर मी सर्वांत वर लिहिले आहे. मागच्या पानावर पहिले नाव माझे आहे.