‘कॅच-२२’ वाचून कोण हसलं?

जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ १९६१ साली अमेरिकेत आली. काही समीक्षक बोंबलले : ही कादंबरीच नव्हे, नुसते विनोद! पण पुढे व्हिएतनामच्या युद्धात जुंपल्या जाणाऱ्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. का? हेलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीला ६० वेळा गेलेला. त्याच्या पुस्तकात उड्डाणांचा आकडा पुरा होत आला की कर्नल तो वाढवतो. वेडा असशील तर सुटका माग. मागितलीस म्हणजे तू शहाणा, चल उड!

मीपण खो खो हसलो. मग आठवलं, गोदीत पाळी संपत आली की मुकादम आणखी पोती दाखवतो. हसू घशातच अडकलं. ज्याचा आकडा दुसराच कुणी वाढवतो, त्याला विचारा विनोद कुठं संपतो!