हुकूम आणि कपबशी

(कोल्हापुरातल्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



राजा सुधारणा करतो म्हंजे नेमकं काय करतो? जरा लांबनं सुरू करतो, इराणपासनं.

1936 साली रेझाशहानं बायकांच्या बुरख्यावर बंदी घातली. पोलीस भररस्त्यात डोक्यावरच्या चादरी ओढायचे. त्याचा पोरगा मोहम्मद रेझा. त्यानं 1965 ला 'आर्यमेहर' अशी पदवी घेतली. आर्यांचा सूर्य! (हा आर्य आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.) 1971 ला पर्सेपोलिसच्या पडक्या खांबांपाशी 2500 वर्षांच्या राजेशाहीचा सोहळा, जेवण पॅरिसच्या आचाऱ्यांचं. 1975 ला सगळे पक्ष मोडून एकच सरकारी पक्ष. 1979 ला तख्त गेलं आणि मुल्लांच्या राज्यानं त्याच बाईच्या डोक्यावर हिजाब सक्तीनं चढवला. 2022 ला महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात मेली, तेव्हा पोरी रस्त्यावर आल्या. एकानं काढला, दुसऱ्यानं घातला. बाईला विचारलं कुणी?

आता आपलं संस्थान बघा. 1894 ला शाहू छत्रपतींच्या हातात कारभार आला तेव्हा 71 अधिकाऱ्यांत 60 ब्राह्मण. पुढं पंचगंगेच्या काठावर भटजी राजालाच पुराणोक्त मंत्र म्हणतो, कारण राजा शूद्र! फौज राजाची, खजिना राजाचा, अन् माणूसपणाचा दाखला भटजीच्या खिशात. वेदोक्ताचं हे भांडण पेटलं, राजोपाध्यांचं इनाम जप्त झालं.

स्पष्ट बोलतो, ती लढाई जानव्याची होती. आपल्या गळ्यात तर मडकं होतं. 1920 ला क्षात्रजगद्गुरू नेमले, तेव्हाही गादीवरचा माणूस बदलला, गादी तशीच राहिली.

पण हा राजा जानव्यापाशी थांबला नाही. 26 जुलै 1902 ला रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासलेल्यांना. 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. 1918 ला महार वतनाच्या जोखडावर घाव. 1919 ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, पोरं एकाच शाळेत.

हुकूम निघाले. पण हुकुमानं विटाळ जातो का? राजाच्याच पागेत गंगाराम कांबळेंनी पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फोडून काढलं. राजवाड्याच्या हद्दीत! महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल दिलं. भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान निघालं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज बग्गी थांबवून स्वतः प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. नाही म्हणायची कुणाची छाती! धाकानं प्यालेला चहा घशाखाली उतरतो. मनात उतरतोच असं नाही.

म्हणून मला त्या कपापेक्षा मार्च 1920 चं माणगाव मोठं वाटतं. अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष भीमराव आंबेडकर, वय 28. छत्रपती तिथं आले आणि म्हणाले, तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात. इराणच्या शहानं प्रजेला एकच पक्ष दिला, पटत नसेल तर देश सोडा म्हणाला. इथं राजा प्रजेला सांगतोय की तुमचा पुढारी मी नव्हे, हा बघा.

1922 ला महाराज गेले. पुढं नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. संस्थानानं नव्हे, चहावाल्या गंगाराम कांबळेंनी पुढाकार घेऊन उभं केलं.