फूल कशासाठी?



“झाडाला फूल कशाला येतं?” हा प्रश्न ज्यांच्या घरात पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्यांना चुकलेला नाही. उत्तरही ठरलेले: “देवाला वाहायला.” मूल गप्प बसते. पण रानातले फूल, जे कोणीच तोडत नाही, ते कोणासाठी, हे कोडे त्याच्या मनात तसेच राहते.

आम्ही शिक्षकही फार शहाणे नव्हतो. जास्वंदीचे फूल हाती घ्यावे, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर दाखवावे, फळ्यावर ‘फुलापासून फळ होते’ असे लिहावे आणि पाठ संपवावा, ही आमची रीत. एकदा एका चिमुरडीने विचारले, “गुरुजी, आमच्या दारी जास्वंद आहे. तिला फळ कधी येतं?” आम्ही निरुत्तर झालो. बागेतील जास्वंदीला फळ क्वचितच धरते. ती फांदी लावूनच वाढवतात. मुलीने झाड पाहिले होते, आम्ही पुस्तक!

तेव्हापासून आम्ही भोपळ्याच्या वेलाकडे वळलो. या वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नर फूल नुसत्या देठावर असते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो. उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्यांवर आणि एका नर कळीवर संध्याकाळी फडक्याच्या पिशव्या बांधाव्या. सकाळी लवकर नर फुलाचा पिवळा पराग एका मादी फुलाच्या मध्यभागी लावावा व पिशवी पुन्हा बांधावी. दुसरीला हात लावू नये. काही दिवसांत दुसरीचा भोपळा पिवळा पडून गळतो. पहिलीचा बहुधा फुगू लागतो. पराग पोचला नाही तर फळ नाही, फळ नाही तर बी नाही, हे मग सांगावे लागत नाही. “पण रोज पराग कोण पोचवतं?” असे मुलेच विचारतात. तेव्हा त्यांना उघड्या फुलापाशी बसवावे. मधमाशी पुढचा पाठ देते. रंग आणि मध हे तिलाच आमंत्रण.

हे मुलांच्या आवाक्यातले नाही, असे कोणी म्हणेल. रियुनियन बेटावर नेलेल्या मूळ मेक्सिकोतल्या व्हॅनिलाच्या वेलींना फुले येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातील पडदा काडीने उचलून, अंगठ्याने पराग दाबून शेंग धरण्याची सोपी रीत शोधली. त्याला शाळा मिळाली नव्हती. फूल मात्र हाताळायला मिळाले होते.

नर-मादी हे शब्द मुलांपुढे उच्चारू नयेत, असेही काही पालक सुचवतात. आमच्या माताभगिनी भोपळ्याच्या फुलांची भजी करताना नर फुलेच तोडतात, तेव्हा त्यांना कोठे संकोच वाटतो?

देवाला फूल अवश्य वाहावे. एवढेच मागणे, की दोन फुले वेलावर राहू द्यावी, आणि त्यांचे पुढे काय होते ते मुलाला रोज पाहू द्यावे.