उवा : त्यांचा जीवनक्रम व निवारण
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही मंडळींना हसू आवरले नाही, असे आमच्या कानी आले. ते स्वाभाविकच होय. ज्ञातीच्या व्यासपीठावर शिष्यवृत्ती, वसतिगृह, फार तर वाडीच्या पाण्याचा प्रश्न, एवढे विषय शोभतात. उवांवर कोणी बोलावे हे चमत्कारिक वाटते. परंतु ज्या गोष्टीला आपण हसतो तिची लाजही आपल्यालाच वाटते, आणि ह्या लाजेपायी आपल्या मुलींना जे सोसावे लागते ते हसण्यासारखे नाही. आमच्या पाहण्यातील एका सहावीच्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या. शाळेतून तिला घरी पाठविले. आईने चारचौघांत बोभाटा नको म्हणून रातोरात तिचे केस मुळापासून उतरविले. डोक्यास रुमाल बांधून शाळेत जाण्यापेक्षा न गेलेले बरे असे त्या पोरीने ठरविले, आणि केस कानापर्यंत येईतो तिची अर्धी सहामाही बुडाली. उवांनी तिचे रक्त किती प्यायले असेल? चमचाभरही नव्हे. नुकसान केले ते आपल्या अज्ञानाने. सबब आज हा विषय.

ऊ हा प्राणी आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाचा होता. संस्कृतात तिला यूका व तिच्या अंड्यास लिक्षा म्हणतात; आपले ‘ऊ’ व ‘लीख’ हे शब्द त्यांचेच वंशज. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची मापे दिली आहेत, त्यांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य व आठ यवमध्यांचे एक अंगुल असा हिशेब आहे. प्रमाण काटेकोर नव्हे. खरी लीख सुमारे पाऊण मिलिमीटर लांब आणि पुरती वाढलेली ऊ दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढी असते. पण ज्या राज्यशास्त्रकाराला मापासाठी लीख आठवली, त्याच्या वाचकांना ती पाहून माहीत होती हे उघड आहे. चरकानेही शरीराबाहेर राहणाऱ्या कृमींत यूका सांगितली आहे. पंचतंत्रातील राजाच्या शय्येत राहणाऱ्या उवेचे नाव मंदविसर्पिणी, म्हणजे हळूहळू सरपटणारी. तिच्याकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून आला, अधीरपणे राजाला चावला, आणि जीव गेला तो बिचाऱ्या उवेचा. त्या नावात मोठे निरीक्षण आहे. उवेला पंख नाहीत, व उडी मारण्याजोगे पायही नाहीत. सपाट बिछान्यावर ती मंद असते. केसांत मात्र चांगली चपळ असते, हे फणी हातात धरलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

ही चिंता आपल्याच देशाची नव्हे. लाखीश ह्या प्राचीन कनानी नगराच्या अवशेषांत २०१६ साली हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. तिच्यावरील बारीक अक्षरे २०२२ साली वाचून प्रसिद्ध झाली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची मानतात, आणि वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले जे पहिले पूर्ण वाक्य आज माहीत आहे ते हेच. त्यात काय असावे? राजाची स्तुती नाही, देवाची प्रार्थना नाही. ह्या फणीने केसांतील व दाढीतील उवा निघोत, एवढीच इच्छा!

आता तिच्या जन्मापासून सुरुवात करू, कारण निवारणाची सारी किल्ली तेथे आहे. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि महिनाभर जगते. प्रत्येक अंडे ती केसाच्या मुळाशी, टाळूपासून पाच-सहा मिलिमीटरांच्या आत, आपल्या अंगातील चिकट द्रवाने केसाला चिकटविते. टाळूची ऊब हीच त्या अंड्याची उबवणी. हा डिंक पाण्याने, साबणाने अगर शिकेकाईने सुटत नाही. कोंडा आणि लीख ह्यांतील भेद इथेच कळतो. कोंडा बोटाने सरकतो, लीख नखाने ओढावी लागते. सात ते दहा दिवसांत अंडे फुटून पिल्लू बाहेर पडते व पांढरे टरफल केसालाच राहते. पिल्लू तीनदा कात टाकते आणि आणखी साधारण सात ते बारा दिवसांत वयात येते. म्हणजे लिखेपासून पुन्हा लीख घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा सुमारे तीन आठवड्यांचा झाला.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा टाळूपासून इंचभर दूर दिसणारी लीख अडीच महिन्यांपूर्वीची असून रिकामे टरफलच आहे, असे समजण्यास हरकत नाही. अशी टरफले पाहून पुन्हा पुन्हा औषध चोपडणाऱ्या माता आम्हांस भेटल्या आहेत. जिवंत, चालती ऊ सापडली तरच उपाय करावा.

ऊ दिवसातून अनेकदा रक्त पिते. खाज सुटते ती तिच्या लाळेमुळे, आणि पहिल्या वेळी ही खाज सुरू व्हायला चार-सहा आठवडेही लागतात. तोवर मूल मामाच्या घरी राहून आलेले असते, शेजारच्या दोन मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून बसलेले असते. डोक्यावरून उतरलेली ऊ मात्र अन्नावाचून एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजराच्या अंगावर ती राहत नाही. तिच्या पायांच्या आकड्या मनुष्याच्याच केसाच्या जाडीला बसतील अशा घडलेल्या असतात.

तर मग ती पसरते कशी? डोक्याला डोके लागून. मे महिन्यात आजोळी एका ओळीत निजणारी सात-आठ भावंडे, लग्नघरी एकाच गादीवर लोळणाऱ्या मुली, आणि हल्ली एका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर टेकलेली चार डोकी. कंगवा, टोपी, उशी ह्यांमधून ती क्वचितच जाते. विरारच्या गाडीतील बायकांच्या डब्याला पुष्कळजणी दोष देतात. त्या गर्दीत काय काय सोसावे लागते ते आम्ही जाणतो. पण क्षणभराच्या धक्क्यापेक्षा घरातील रात्रभराचा शेजार उवेला अधिक सोयीचा असतो.

घाणेरड्या डोक्यातच उवा होतात हा समज तर पुरताच खोटा आहे. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यात त्या तितक्याच सुखाने राहतात. पाण्याखाली बुडून त्या कित्येक तास तग धरतात. तेव्हा पूर्वी बावखलात डुंबणाऱ्या मुलांच्या उवा बुडून मेल्या नाहीत, आणि आज गच्चीवरील टाकीच्या पाण्यानेही मरत नाहीत. उवांनी कुळाची अब्रू जात नाही. जाते ती लपविण्याने, कारण ज्या घरी ही गोष्ट लपविली जाते त्या घरची मुलगी बरी झाली तरी तिच्या मैत्रिणीकडून महिन्याभरात पुन्हा घेऊन येते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली पुन्हा सांगितले आहे की, केवळ उवांसाठी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. आपल्या ज्ञातीत शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी हे वाक्य जपून ठेवावे.

येथे एक शंका जाणत्यांकडून हमखास येते : उवांमुळे साथी पसरत नाहीत काय? ज्या प्रलापक ज्वराला इंग्रजीत टायफस म्हणतात, तो उवा पसरवितात हे शार्ल निकोल ह्यांनी १९०९ साली ट्युनिसमध्ये दाखविले व त्यासाठी त्यांस १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ती कपड्यांत राहणारी, अंगावरची ऊ. डोक्यातील उवेमुळे असा ज्वर पसरल्याचा व्यवहारात अनुभव नाही. खाजवून टाळूला जखमा होतात, त्या पिकतात, मानेमागे गाठी येतात. त्या वेळी मात्र डॉक्टरांकडे जावयास हवे.

आता निवारणाकडे वळू, आणि प्रथम काय करू नये हे सांगू. आपण वाडीची माणसे. पानवेली, केळी, चाफा, मोगरा ह्यांच्या फवारणीची औषधे पडवीच्या कोनाड्यात असतात. ‘झाडावरचा किडा मरतो, मग डोक्यातला का मरू नये’ हा तर्क सरळ दिसतो, पण तो जिवावर बेतणारा आहे. कित्येक कीटकनाशके टाळूच्या कातडीतून रक्तात जातात. घाम, उलट्या, लाळ, बाहुल्या आकसणे, श्वास अडकणे ही त्या विषाची लक्षणे; आणि लहान मूल त्यात दगावू शकते. चुकून कोणी लावलेच तर हातमोजे घालून साबणाने डोके धुवावे, कपडे बदलावेत आणि औषधाच्या बाटलीसह विनाविलंब रुग्णालय गाठावे. झुरळांच्या खडूची पूडही तशीच वर्ज्य. रॉकेलाने कातडी भाजते, आणि चुलीशी वाकलेल्या बाईच्या केसांत ते काय करील हे सांगायला नको. सीताफळाच्या बियांची पूड हा आपल्याकडील जुना उपाय. तिने उवा मरतात हे खरे; परंतु तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, आणि न्हाताना तो जाणार नाही ह्याची हमी कोण देणार? जुने म्हणून टाकू नये, तसे जुने म्हणून डोळ्यांवर बेतवूही नये.

जुन्यांतील एक गोष्ट मात्र आम्हांस निःसंशय घेण्यासारखी वाटते, ती म्हणजे फणी. दुपारची कामे आटोपली की ओटीवर बायका एकीमागे एक बसत, खोबरेल तेल चोपडून एकमेकींचे केस विंचरीत, आणि गप्पांबरोबर उवाही निघत. त्यात कोणाला लाज वाटत नसे. ही आठवड्याची तपासणीच होती. आता ओटी गेली, इमारती आल्या. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. बंद दाराआड ज्या त्या आईला हे काम एकटीने व चोरून करावे लागते. ह्यात प्रगती किती आणि तोटा किती, हे आपणच ठरवावे.

विंचरण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी. केस धुवून ओले ठेवावेत व त्यांना भरपूर कंडिशनर अगर खोबरेल तेल लावावे. तेलाने सगळ्या उवा मरतात असे नाही, पण त्यांची चपळाई जाते व फणी अडत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढावा. मग केसांचे पातळ पातळ भाग करून, बारीक दातांची धातूची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर खेपेस पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. कानांमागे व मानेवर विशेष लक्ष द्यावे. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. हे पहिल्या, पाचव्या, नवव्या व तेराव्या दिवशी करावे. कारण सोपे आहे : पहिल्या दिवशी मोठ्या उवा निघाल्या, तरी लिखा राहिल्या. त्या दहाव्या दिवसापर्यंत फुटतात. आणि फुटलेले पिल्लू निदान सात दिवस अंडे घालू शकत नाही. दर चार दिवसांनी फणी फिरली तर एकही पिल्लू वयात येत नाही. सतराव्या दिवशी पुन्हा पाहावे. मध्ये मोठी ऊ सापडली तर ती बाहेरून आली असे समजून मोजणी पहिल्या दिवसापासून धरावी. एकदा विंचरून ‘गेल्या’ म्हणून सोडून देणे हेच बहुतेक घरांतील अपयशाचे मूळ आहे.

औषधच हवे असेल तर एक टक्का परमेथ्रिनचे द्रावण औषधाच्या दुकानात मिळते. ते दोन महिन्यांखालील बाळास लावू नये. धुवून टिपलेल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवावे, आणि नवव्या दिवशी पुन्हा लावावे; कारण तेच, पहिल्या खेपेस लिखा वाचतात. कित्येक देशांत उवा ह्या औषधाला सरावल्या आहेत, म्हणून औषध लावूनही फणी सोडू नये. डायमेथिकोनचे द्रावण विष नसून उवेवर लेप चढवून तिला निकामी करते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांस व गर्भवतींस त्या देत नाहीत. केस भादरण्याची मुळीच गरज नाही.

घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, आजीचेही. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ आढळेल त्या सर्वांचा उपाय एकाच दिवशी सुरू करावा. गेल्या दोन दिवसांतील उशांचे अभ्रे, पंचे व रुमाल चांगल्या गरम पाण्यात धुवावेत, फण्या दहा मिनिटे कढत पाण्यात बुडवाव्यात. घरभर फवारणी करण्याचे कारण नाही. आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणींच्या आयांना निरोप धाडावा. ‘आमच्या मुलीच्या डोक्यात निघाल्या, तुमच्या मुलीचे पाहा’ एवढेच म्हणावे. ज्या बाईने हा निरोप पहिल्यांदा धाडला तिला आम्ही धीट म्हणू.

महिला मंडळाच्या भगिनींनी धातूच्या फण्या आणविल्या असून त्या सभागृहाच्या मागील दाराशी मांडलेल्या टेबलावर ठेविल्या आहेत. दर घरी एक ह्याप्रमाणे घ्याव्यात. ज्यांना विंचरण्याची रीत प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांच्यासाठी उपाहारानंतर आतल्या खोलीत दोघी शिक्षिका बसणार आहेत. तेथे पुरुषांसही मज्जाव नाही.