माणूस कंपनीत गेला, गाव शहर झाले
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कांदा आहे, वीजबिले आहेत, कर्ज आहे. त्यात 'शहरांची वाढती लोकसंख्या' हा विषय पाहून सकाळीच दोघा-तिघांनी विचारले, हे आपल्याकडे कशाला? शहरातल्या गर्दीची काळजी शहरवाल्यांनी करावी. आमचे म्हणणे असे की ही गर्दी आपल्या घरातून गेलेली आहे, आणि आता तीच गर्दी आपल्या बांधावर येऊन उभी राहिली आहे. विषय आपलाच आहे.

थोडे आकडे ऐकून घ्या. आकड्यांशिवाय बोलायचे तर पुढाऱ्यांच्या आणि आपल्या भाषणात फरक तो काय राहिला?

१९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती. त्यात शहरांत राहणारे १ कोटी १२ लाख, म्हणजे शेकडा २८. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख झाली आणि शहरांतली ५ कोटी ८ लाख. शेकडा ४५. दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या शहरांत इतकी माणसे तेव्हा मोजली गेली नव्हती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत खेडी वाढली शेकडा १० ने, शहरे वाढली जवळजवळ २४ ने.

यावरून शहरातले विद्वान सांगतात, खेड्यातली माणसे मुंबईच्या दिव्यांना भुलतात. मुंबईचाच आकडा बघू. मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसे होती, २०११ साली ३० लाख ८५ हजार उरली. वाढली नाहीत, घटली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा (पालघर त्यातून निघाला तो २०१४ साली) शेकडा ३६ ने वाढला आणि आपला पुणे जिल्हा ३० ने. म्हणजे शहर आतून पातळ होते आहे आणि कडेने पसरते आहे. कडेला काय असते? आपली शेते असतात. आणि ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली, त्या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याच या दहा वर्षांत कमी झाली. बाकीच्या कोणत्या जिल्ह्यांतून तरणी पोरे निघून गेली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

आता खरी गोम ऐका. २००१ साली महाराष्ट्रात ३७८ शहरे मोजली होती, २०११ साली ५३४. दहा वर्षांत १५६ शहरे वाढली. ही आली कुठून? शहर दोन तऱ्हांनी होते. एक, जिथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटकमंडळ आहे ते. अशी शहरे २५१ होती, ती २५६ झाली. वाढ पाचची. दुसरे, जनगणनेने शहर म्हणून मोजलेले गाव. अशी १२७ होती, ती २७८ झाली. वाढ दीडशेच्या वर! म्हणजे नवी शहरे म्हणून जी दाखवली जातात ती कुणी वसवलेली नाहीत. ती आपलीच गावे आहेत.

गावाला शहर म्हणायला जनगणनेच्या तीन अटी आहेत. वस्ती निदान ५,००० हवी. एका चौरस किलोमीटरात निदान ४०० माणसे हवीत. आणि तिसरी अट नीट ऐका: मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान शेकडा ७५ पुरुष शेतीबाहेरच्या धंद्यात हवेत. पुरुष! बायका कोणते काम करतात ते या अटीत विचारलेलेच नाही.

गेल्या रांगड्या कांद्याच्या काढणीच्या वेळी आम्ही चार-पाच कार्यकर्ते चाकणच्या पलीकडच्या गावांतून फिरत होतो. एका घरी ओट्यावर म्हातारबाबा बसलेले. थोरला मुलगा कंपनीत कंत्राटावर, धाकटा टेम्पो चालवतो. आम्ही विचारले, बाबा, शेती कोण करते? बाबा म्हणाले, "आता कुठली शेती? पोरं कामाला जात्यात." त्यांच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, दोन सुना आणि त्यांची सासू कांदा काढत होत्या. अर्धा एकर तरी कांदा होता. बाबा खोटे बोलत नव्हते. त्यांना तो कांदा दिसतच नव्हता. जनगणनेच्या अटीलाही तो दिसत नाही. त्या घरातले दोन्ही कर्ते पुरुष शेतीबाहेर, म्हणून ते घर गावाला शहराकडे ढकलते. शेती मात्र चालू आहे, बायकांच्या जिवावर, आणि त्यांच्यापैकी एकीचेही नाव सातबाऱ्यावर नाही. तो सातबारा विकायला निघेल तेव्हा सही कोणाची, हेही आम्ही त्या बाबांना विचारले. ते हसले.

चाकणचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. १९८० साली याच चाकणला कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसला. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आज चाकण म्हटले की लोकांना मोटारींचे कारखाने आठवतात. २०११ साली तिथे ४१ हजारांवर माणसे होती आणि कारभार ग्रामपंचायतीचा! नगरपरिषद झाली २०१५ साली. जनगणनेत शहर ठरून कायद्याने काहीच बदलत नाही. ग्रामसेवक तोच, पंचायतीची तिजोरी तीच. गटारे नाहीत म्हणून सांडपाणी ओढ्यात, आणि ओढ्याचे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत. शहराचा त्रास सगळा, सोय एकही नाही.

मग पालिका आली म्हणजे सुटलो असे समजू नका. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडला. ती गावे २०१७ साली महापालिकेत घेतली. पुढे करावरून ओरड झाली, तेव्हा पुन्हा बाहेर काढून त्यांची निराळी नगरपरिषद केली. आधी शहराचा कचरा घ्या, मग शहराचा कर भरा, मग तुमचे तुम्ही बघा!

गावांतून फिरताना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची जमीन रस्त्याकडेला आहे त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत. दहा खोल्या, वीस खोल्या. एकजण म्हणाला, "या पिकाला ना पाऊस लागतो, ना औषध, आन् निर्यातबंदी बी न्हाई." खोल्यांत राहते कोण? वाशीमचा, हिंगोलीचा, लातूरचा पोरगा. बिहारचाही. आम्ही त्यांच्यात बसलो. घरी किती जमीन? तीन एकर, दोन एकर, दीड एकर. खोलीमालक शेतकरी, भाडेकरूही शेतकऱ्याचाच पोरगा.

तो का आला, याला संशोधन लागत नाही. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर राहिले. सव्वातीन एकरांवर तीन भाऊ. तेही पोसले असते, मालाला भाव असता तर. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. शहरातल्या पाटीत कांदा स्वस्त राहावा म्हणून! आणि मग तेच शहर विचारते, इतकी माणसे इकडे का येतात? अहो, तुम्हीच तिकीट काढून दिलेत की.

तरीही आम्ही असे म्हणणार नाही की पोरांनी गावातच कुढत राहावे. २०११ साली राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेतकरी किंवा शेतमजूर होती. इतक्यांना शेती पोसू शकत नाही, कोणत्याच भावाने नाही, हे आपणही कबूल केले पाहिजे. माणसाने शेतीबाहेर जावे, पण राजीखुशीने जावे, आणि जाताना त्याच्या जमिनीचे मोल त्याच्याच हातात पडावे. शहर कडेने वाढते तेव्हा हे मोल कोणाच्या हातात पडते? एकेकटा शेतकरी गाठून दलाल एकर घेतो, आणि चार वर्षांनी गुंठ्याने विकतो. आलेल्या पैशातून गाडी येते, लग्न होते, बंगल्याचा स्लॅब पडतो, आणि मग मालक त्याच जागेवर वॉचमन होतो. असे वॉचमन तुमच्याही ओळखीचे असतील.

दोन उदाहरणे ध्यानात ठेवा. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. तिथले शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाचजण हुतात्मा झाले, तेव्हा पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम झाला. साडेबारा टक्क्यांसाठी पाच जीव. दुसरे उदाहरण हडपसरचे. तिथे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, दलालाला विकली नाही, आणि मगरपट्टा हे नगर स्वतः उभारले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. हे प्रत्येक गावाला जमेलच असे नाही. तिथे एका घराण्याची भावकी होती, आपल्याकडे भावकी एकत्र येते ती कोर्टात. पण रस्त्याची आखणी यायच्या आधी बसून बोलायला काय हरकत आहे? आखणी आल्यावर सगळेच हुशार होतात.

शेवटी एक कामाची गोष्ट. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, आणि आपल्याकडची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तरे बहुधा पुरुष देतो. बाई काय करते? "काही नाही, घरीच असते." मायबहिणींनो, हे उत्तर तुमचे तुम्ही द्यायचे. घरच्या शेतात बिनमजुरीचे केलेले काम हेही जनगणनेत काम धरतात. सहा महिन्यांहून अधिक राबत असाल तर तसे सांगा, आणि शेतकरी म्हणून लिहून घेतल्याशिवाय प्रगणकाला उठू देऊ नका. त्याने तिसरी अट बदलणार नाही, ती बदलायची मागणी आपण वेगळी करू. पण कांदा कोण काढते ते निदान कागदावर येईल.

तोवर प्रत्येक गाव शाखेने एक वही करायची. घरटी किती पुरुष शेतीबाहेर, किती बायका शेतात, २००० सालानंतर किती एकर विकले गेले, आणि सातबाऱ्यावर किती बायकांची नावे आहेत. वह्या पुढच्या बैठकीला आणायच्या. ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी जाताना मंडपाच्या दारातून घेऊन जावी, पाच रुपये पडतील.