जुन्या जीपचें लोखंड

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, आणि लष्कराच्या चाकरींतून मोकळ्या झालेल्या जीप गाड्या जगभर शेतांवर, कंत्राटदारांच्या दारीं आणि सरकारी कचेऱ्यांसमोर दिसूं लागल्या. विलिस आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनीं बांधलेली ती गाडी. साठ अश्वशक्तीचें यंत्र, चारी चाकांना गति, आणि अंगावर शोभेचें म्हणून कांहीं नाहीं. १९४७ पासून मुंबईची महिंद्र कंपनी विलिस जीप आपल्या देशांतील रस्त्यांवर आणूं लागली. त्याच कंपनीचा मोठा कारखाना २०१० सालीं चाकण येथें सुरू झाला. त्या जातीची एखादी जुनी गाडी चिंचवड-आकुर्डीकडे कोणाच्या आवारांत ताडपत्रीखालीं उभी असते, आणि तिला पुन्हां चालती करावी अशी उमेद घरांतील कर्त्या माणसाला होते. उमेद चांगली खरी. पण घरीं काय करावें आणि कोठें थांबावें हें उमगलें नाहीं, तर तीच उमेद खंडाळ्याच्या उतारावर जिवावर बेतते. म्हणून, श्रोतेहो, या प्रश्नाचा थोडा तपशिलानें विचार करणें इष्ट आहे.

लोखंडाला दोन रोग जडतात; एक गंज आणि दुसरा झीज. दोहोंचें मूळ वेगळें, म्हणून उपचारहि वेगळा. गंज हा हवा आणि पाणी यांचा उद्योग. तो लोखंड खातो आणि त्याच्या जागीं त्याहून अधिक जागा व्यापणारी लाल माती भरतो. त्यामुळेंच जुना नट बोल्टावर घट्ट बसून हालेनासा होतो. झीज ही याउलट वापराची खूण आहे. दोन धातु एकमेकांवर वर्षानुवर्षें घासतात, मध्यें वंगणाऐवजीं धूळ शिरते, आणि वाटोळी पिन हळूहळू लंबगोल होते. गंज डोळ्यांना दिसतो. झीज बहुधा दिसत नाहीं, ती मोजावी लागते. सगळ्या कामाचें मर्म या भेदांत आहे.

गंज घरीं काढतां येतो. पत्र्याचे कंस, झाकणें, बिजागऱ्या, साधे बोल्ट अशा वस्तूंना तारेच्या ब्रशापेक्षां विजेची रीत अधिक सौम्य पडते. प्लॅस्टिकच्या टबांत दर पांच लिटर पाण्याला चहाचे तीन-चार चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेली वस्तु त्यांत टांगून तिला बॅटरी चार्ज करण्याच्या बारा व्होल्टच्या यंत्राचें ऋण टोंक जोडावें, आणि साध्या लोखंडाच्या जुन्या पट्टीला धन टोंक. दोन्ही एकमेकांना शिवूं देऊं नयेत. टोंकांची उलटापालट झाली तर पट्टीऐवजीं वस्तूच झिजत जाईल, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. कांहीं तासांनीं गंज सुटून मऊ काळा थर उरतो. वीज बंद केल्यावरच पाण्यांत हात घालून तो ब्रशानें धुवून काढावा. या रीतीची खुबी अशी कीं ती गंज घालविते, पण चांगल्या धातूला हात लावीत नाहीं.

तथापि सावधगिरी पाहिजे. या क्रियेंत हायड्रोजन वायु सुटतो; म्हणून टब उघड्यावर ठेवावा आणि जवळ ठिणगी किंवा विडी असूं नये. धन टोंकाला स्टेनलेस पोलादाची पट्टी कधींहि लावूं नये, कारण तिच्यांतील क्रोमियम विषारी रूपानें पाण्यांत उतरतें. तें पाणी गटारांतून अखेर पवना किंवा इंद्रायणी नदीलाच मिळावयाचें. ॲल्युमिनियमचे भाग सोड्याच्या पाण्यांत घालूं नयेत, तें त्यांना खातें. आणि स्प्रिंगा, पाटे व उंची प्रतीचे कठीण बोल्ट यांना ना हें स्नान, ना ॲसिड. कठीण पोलादांत हायड्रोजन शिरला कीं तें बाहेरून चकचकीत पण आंतून ठिसूळ होतें, आणि पुढें भार पडतांच पूर्वसूचनेशिवाय तुटतें. असे भाग तेल आणि ब्रश यांनींच साफ करावे. धुतलेली वस्तु लागलीच वाळवून तिला तेल अथवा प्रायमर लावावा. आषाढांत नागडें लोखंड सकाळीं धुतलें तर संध्याकाळीं पुन्हां तांबूस दिसतें.

आतां झीज. पुढचें चाक जॅकवर उचलून धुरीखालीं भक्कम टेकण द्यावें. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. मग चाक वर व खालीं धरून हलवावें. तें डुगडुगलें तर चाकाचें बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे. डावी-उजवीकडे धरून हलविल्यावर डुगडुगलें तर स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे पाहावे. पाट्याच्या शॅकलची पिन काढली कीं तिच्यावर झिजेचा सगळा इतिहास लिहिलेला असतो. तिचें जें टोंक बुशांत फिरत नाहीं, तेथें मूळ जाडी शाबूत असते. मायक्रोमीटरनें प्रथम तें टोंक मोजावें, मग मधला घासलेला भाग, तोहि आडवा आणि उभा असा दोन दिशांनीं. पहिल्या दोन मापांतील फरक ही झीज. शेवटच्या दोहोंतील फरक हा तिचा लंबगोलपणा. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवितो. बोट मात्र खडबडीत आणि गुळगुळीत याहून अधिक कांहीं सांगूं शकत नाहीं.

माप कळल्यावर निवड करावी. बुश हा मुद्दाम नरम धातूचा केलेला असतो. पिनेऐवजीं त्यानें झिजावें हीच त्याची नेमणूक. तो बदलणें हा सरळ मार्ग. पिन झिजली असेल तर नवी घ्यावी, किंवा योग्य पोलादाची लेथवर करून घेऊन तिला कठीणपणा देववावा. जुनी पिन कानसेनें वाटोळी करणें हा मात्र भ्रम आहे. तिची कठीण कातडी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. ती घासली कीं खालचें मऊ पोलाद उघडें पडतें, आणि आज घट्ट बसलेली पिन थोड्याच दिवसांत पुन्हां खडखडूं लागते. क्रँकशाफ्ट किंवा सिलिंडर यांची झीज असेल तर घासण्याचें व बोअरचें काम यंत्रशाळेचें आहे, अंगणाचें नव्हे.

आणि कांहीं भाग दुरुस्त करूंच नयेत. स्टिअरिंगचे हात व सांधे, ब्रेकचे नळ आणि सिलिंडर यांत झीज वा तडा आढळल्यास नवा भाग बसवावा. त्यांवर वेल्डिंग करणें किंवा तापवून वाकविणें म्हणजे पोलादाला दिलेली घडण पुसून टाकणें होय. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तेथली धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी.

मूळ भाग जपण्याला आतां कायद्याचेंहि पाठबळ आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते. आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें उलटलेली, जिच्या चौकटींत, सांगाड्यांत वा यंत्रांत मोठा फेरफार झालेला नाहीं, अशी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. मात्र ती रोजच्या वाहतुकीला वापरतां येत नाहीं. मूळ रूप टिकवीत दुरुस्ती करणारास हा मान मिळतो. मनमानी कापाकापी करणारास नाहीं.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९६६ सालीं टेल्कोचा कारखाना पिंपरी भागांत आला, आणि पुढें भोसरीपासून चाकणपर्यंत यंत्रशाळांची रांग उभी राहिली. या पट्ट्यांतील किती तरी घरांत टर्नर, फिटर वा तपासनीस म्हणून आयुष्य घालविलेला एखादा वडीलधारा आहे. शंभराव्या भागाची किंमत त्याला ठाऊक असते. मुलांनीं त्याला हाताशीं घ्यावें, एक वही उघडावी, आणि तींत तारीख, भागाचें नांव, मूळ माप व आजचें माप लिहीत जावें. जीप दुरुस्त होईल तेव्हां होईल. पण डोळ्यांच्या अंदाजावर विसंबूं नये, मोजून मग हात घालावा, ही शिस्त त्या वहींतून मुलांच्या हातीं येईल, आणि ती जुनी होऊन गंजणारी वस्तु नव्हे.