दोष शिशाचा की मापाचा?



कामगारांच्या सभांत बोलणारा माणूस रिव्हॉल्व्हरच्या नळीविषयी काय सांगणार, असे पत्रिका वाचून काहींना वाटले असेल. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. पण उमेदीची वर्षे छापखान्यात, शिशाच्या संगतीत काढली. लायनोटाइपच्या धातूत शंभर भागांत शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४. अमेरिकेतील छापखान्यांनी ती यंत्रे मोडीत काढली, तेव्हा हा धातू हौशी नेमबाजांच्या कढईत गेला व त्याच्या गोळ्या झाल्या. आपल्या जुन्या सोबत्याचे पुढे काय झाले, या कुतूहलाने मी त्या लोकांची पुस्तके वाचू लागलो.

तिकडे घरी गोळ्या ओतून काडतुसे भरण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडे परवान्यावाचून तसे करणे गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. या मंडळींची जुनी तक्रार म्हणजे नळीत शिसे बसणे. काही गोळ्या झाडल्या की नळीतल्या पीळदार खाचांवर शिशाचे पापुद्रे धरतात आणि नेम बिघडतो. मग पहिला निकाल ठरलेला : ‘शिसे मऊ होते, अधिक कठीण ओता.’

हा निकाल पुष्कळदा चुकतो. का, ते पाहू.

रिव्हॉल्व्हरची गोळी चक्रीच्या एका घरात असते. बार उडाला की ती घराच्या पुढच्या अरुंद गळ्यातून निघते, चक्री आणि नळी यांमधली फट ओलांडते, नळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात शिरते आणि मग खाचा धरते. समजा, नळीचे माप खाचांच्या तळाशी ०.३५७ इंच आहे. गोळी ०.३५८ इंचाची ओतली. पण गळा ०.३५६ चाच निघाला. तो गोळीला दाबून बारीक करतो. बारीक झालेली गोळी नळीत सैल पडते, मागचा तप्त वायू बाजूने घुसतो, शिसे कातरतो आणि नळीला लिंपतो. आता धातू कठीण केला तर? मऊ गोळी दाबाने बुडाशी फुगून फट थोडी तरी बुजवते. कठीण गोळी, त्यातून दारू हलकी असली, तर तेवढेही करीत नाही. शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मापाने ५ च्या आसपास, लायनोटाइपचा २२ च्या. म्हणजे औषधानेच दुखणे वाढायचे!

जाणता नेमबाज शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घेतो आणि शिसे कोठे बसले ते आधी पाहतो. चक्रीकडच्या तोंडाशी बसले असेल, तर बहुधा माप चुकले आहे किंवा ते नरसाळे खरबरीत आहे. पुढच्या टोकाशी बसले असेल, तर गोळीवरचे मेणाचे वंगण वाटेतच संपले. सबंध लांबीभर खाचांच्या कडांना धरले असेल, तर गोळी त्या दाबाला खरोखरच मऊ पडली असेल. मऊपणाचा आरोप कधी खराही ठरतो. पण चौकशीत त्याचा नंबर शेवटी लागावा.

मग मोजमाप. मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या नळीतून हलक्या हाताने ठोकून बाहेर काढतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. चक्रीचे गळे एकेक करून मोजतात, कारण सहांत एखादाच तंग असू शकतो. स्मिथ अँड वेसनच्या नळीत खाचा पाच, त्यामुळे खाचेसमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसतो. भरलेल्या काडतुसातली गोळी उपसून पुन्हा मोजतात, कारण तंग पुंगळीही तिला आवळते. गळा नळीपेक्षा किंचित मोठा आणि गोळी गळ्यातून बोटाच्या दाबाने जेमतेम सरकेल अशी असली, की पुष्कळदा मऊसर धातूही नळी स्वच्छ ठेवून जातो.

बसलेले शिसे तांब्याच्या तारांच्या लोकरीने घासून काढतात. तांब्याचे कवच असलेल्या गोळ्या झाडून नळी साफ करू पाहणे धोक्याचे, दाब वाढतो. आणि शिसे हे विष आहे. ओतताना हवा खेळती हवी, कढईत पाण्याचा थेंब जाता कामा नये, हात धुतल्यावाचून घास तोंडात घालू नये. हे आम्हा छापखान्यातल्यांना कोणी वेळेवर सांगितले नाही.

आता माझ्या मनात हा विषय का रुतला ते सांगतो. एका छापखान्यात काही अक्षरे फिकी उठू लागली. निकाल झाला : ओतणारा पोरगा कथील चोरतो, म्हणून खिळे मऊ पडतात आणि दबतात. त्याला कामावरून बसवले. आम्ही म्हणालो, एकही छाप न घेतलेले खिळे मोजा. खिळ्याची उंची ०.९१८ इंच हवी. ते कोरे खिळेच कमी भरले. साचा बिघडला होता. पोरगा कामावर परत आला, पण तीन आठवड्यांचा पगार गेला आणि ‘चोर’ हा शब्द त्याच्या वस्तीत राहिला तो राहिलाच.

शिशाला अब्रू नसते. चुकीचा ठपका आला तर फार तर पुन्हा वितळवतात. माणसाचे तसे नाही. म्हणून एवढीच विनंती, की कोणाला मऊ ठरवण्याआधी मायक्रोमीटर हाती घ्यावा.